खापर कुणाकडे आहे

आखाजी चार दिवसांवर आली
आणि आईच्या ध्यानात आलं, खापर घरात नाही.
माळ्यावर नाही, चुलीमागं नाही,
जिजीच्या लोखंडी पेटीखालच्या गोणपाटावर
खापराएवढा गोल, तेवढाच मऊ पडलेला.
"दिलं असेल कुणाला तरी. जा, विचारून ये.
पहिली आखाजी तिची, मांडे नकोत?"

मी नाशकात बँकेत बसणारा, पंचेचाळिशीचा,
दोंडाईच्याच्या उन्हात बायकांच्या स्वयंपाकघरांत
एक मातीचं भांडं शोधत निघालो.
गच्च्यांवर वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या पसरलेल्या,
म्हणून डोळ्यांना पाणी. बाकी काही नाही.

सुपडाबाई शिंपीण म्हणाली, "बठ, चहा ठेवस."
खापर तिच्या पोरीच्या लग्नाला आलं होतं,
मग ते गेलं कंडक्टरच्या घरी.
चहा उकळेस्तोवर तिनं सांगितलं, जे मला माहीतच होतं :
दत्ताचं देऊळ आमच्या दारापासून दोनशे पावलं,
जिजीला दीड तास लागायचा.
प्रत्येक ओट्यावर कुणाची कळ, कुणाचं बाळंतपण,
कुणाच्या लोणच्याला बुरी आलेली.
आरतीला निघालेली जिजी प्रसादाला पोचायची.
कुणी हसलं की म्हणायची,
"देवले काय घाई? त्याले कथं जानं शे?"

कंडक्टरची बायको म्हणाली, होतं, पण हमीदाबीनं नेलं.
हमीदाबी पिंजारीण आता ऐकत नाही नीट,
जिजीचं नाव मात्र पहिल्याच हाकेत ऐकू आलं.
रोज्यात एकादशी पडली की
दोघी ओट्यावर समोरासमोर उपाशी बसायच्या,
आधी पाणी कोण मागतं ते बघत.
"मीच हरायची," हमीदाबी म्हणाली. मग थोड्या वेळानं,
"ती लबाड होती, साबुदाणा खाऊन यायची."

खापर फुटायचं तर एकदाच फुटतं.
जिजीनं ते उभ्या जन्मात कुणाच्या माथी फोडलं नाही,
अण्णांची गिरणी बुडाली तेव्हाही नाही,
आणि आम्ही तिला शेवटची दिवाळी एकटीला काढायला लावली
तेव्हाही नाही.
फोडलं असतं तर बरं झालं असतं, असं
हमीदाबीच्या अंगणात मला वाटून गेलं.

सहावं घर गल्लीच्या टोकाला, पत्र्याचं.
दार उघडणारी पोर मी कधी पाहिली नव्हती.
सातपुड्याकडून लग्न होऊन आलेली, नाव रेवती,
कोपरापर्यंत हात पिठाचे,
आणि तिच्यामागं चुलीवर, पालथं, काळं कुळकुळीत,
आमचं खापर. तापलेलं.

"आज्जीच शिकवत होत्या," ती म्हणाली.
"लाटायचं नाही, हातावर झुलवायचं,
बाळाला झोका देतात तसं.
दोनदाच शिकवलं. मग त्या गेल्या.
मी आणून देणार होते हो,
पण गेलेल्या माणसाची वस्तू
कुणाच्या हातात द्यायची, कळेना."

तिचा मांडा मधोमध फाटला.
पुरण खापरावर सांडून करपलं,
आणि तो वास, काय सांगू,
मी पाचवीत होतो, दप्तरासकट दारात उभा होतो.
फाटकाच मांडा तिनं ताटलीत वाढला, तूप सोडलं.
मी तो खाल्ला. खापर मागितलं नाही.

घरी आलो तर आई उंबऱ्यापाशी.
आखाजीला जिजी इथंच कुंकवाची बोटं उठवायची,
एकेका पितराचं नाव घेऊन एकेक,
आणि घरचे संपले की थांबायची नाही,
निपुत्रिक गेलेला टेलर, विहिरीत गेलेली सोनाराची सून,
ज्यांचं कुणी नाही त्यांचंही एकेक बोट.
उंबरा लाल होऊन जायचा.

"मिळालं?"
"मिळालं. कामात आहे."
आई माझ्याकडे बघत राहिली.

आखाजीच्या सकाळी तिनं पुरणाचं पातेलं झाकलं,
डोक्यावर पदर घेतला, म्हणाली, आलेच,
त्या पोरीच्या चुलीवर चार मांडे टाकून.
इथून ते घर पाच मिनिटांचं.

बारा वाजले. घागर भरून ठेवलेली, आंबे पिळलेले.
मी दारात येऊन पाहिलं :
आई अजून सुपडाबाईच्याच ओट्यावर.