पाच लिटर

सातू भिजत घातला रविवारी रात्री.
मंगळवारी मोड दिसले, पांढरे,
मुंगीच्या अंड्याएवढे.
मोड आणणं आपल्याला नवं नाही,
मटकीला आणतोच, फक्त इथे
थांबायचं कुठे ते कळावं लागतं.
मोड दाण्याइतका झाला की गच्चीवरचं ऊन,
मग लोखंडी तवा, मंद आच,
रंग चढू द्यायचा नाही.

गिरणीत तांबोळी म्हणाला, "भाकरीला का?"
म्हटलं, भरड दे, पीठ नको.
त्यानं दगड सैल केला
आणि पुढे काही विचारलं नाही.

एकोणतीस वर्षं मी कारखान्याच्या डिस्टिलरीत,
प्रयोगशाळेत, खिडकीपाशी.
मळीचा वास केसांत घेऊन
शेवटच्या एसटीनं सांगलीला यायचे.
लाखो लिटर माझ्या हाताखालून गेलं,
थेंब नाही चाखला.
आकडे मी घ्यायचे,
रजिस्टरवर सही चीफ केमिस्टची.

आता पुरणाचं मोठं पातेलं,
पाणी कृष्णेचंच, नळाचं,
क्लोरीन उडावं म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं.
सहासष्ट अंशांवर भरड ओतली,
झाकण लावून वाकळ गुंडाळली
ताप आलेल्या पोराला गुंडाळावी तशी.
तासाभरानं बशीत एक थेंब, त्यावर आयोडीन.
निळंकाळं.
म्हणजे पीठ अजून पीठच आहे.
पुन्हा वाकळ.
पाऊण तासानं थेंब पिवळा तो पिवळाच राहिला
आणि मी एकटीच ओट्यापाशी हसले.
चमचाभर चाखून पाहिलं:
गोड, पण उसाचं गोड नव्हे,
भाकरीचा पापुद्रा चघळत राहिलं
की शेवटी येतं ते.

हॉप्स कुरिअरनं आले होते,
पेंडीच्या गोळ्यांसारखे, हिरवे.
उकळताना वास जिन्यानं वर गेला
आणि चौगुलेवहिनी खाली आल्या.
"कसला काढा हो?"
"पित्तावरचा."
"कडू आहे?"
"कडूच आहे."
अर्धं तरी खरं बोलले.

बरणी काचेची, लोणच्याची,
यीस्ट घालून वरच्या फळीवर ठेवली.
एकोणीसच्या पुराची रेघ आहे भिंतीवर,
दोनदा रंग दिला, दोनदा ती परत आली.
जपायचं काहीही मी तिच्या खाली ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी नळी बोलू लागली.
बुडूक.
बऱ्याच वेळानं, बुडूक.
कारखान्यातल्या टाक्या गरजायच्या,
हिला नुसती उचकी.
रात्री दोनला उठून खुर्ची घेऊन बसले समोर,
कोण आठवण काढतंय कोण जाणे.

निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं,
हायड्रोमीटर मी माझ्या पैशांनी घेतला.
एक हजार सेहेचाळीस.
दहा दिवसांनी एक हजार बारा.
कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं, खाली सही: हे. आवटी.
पेन बंद केलं,
मग पुन्हा उघडून पूर्ण लिहिलं, हेमलता.

सोड्याच्या बाटल्या, प्रत्येकीत अर्धा चमचा साखर.
एकीत बहुधा दोनदा पडली,
ती पहाटे फुटली. वहिनींना सांगितलं, मांजर.

बाटली उघडायच्या दिवशी रसूल नदाफला बोलावलं.
टाक्यांवर पस्तीस वर्षं, पीत नाही,
वासावरून सांगायचा कुठली टाकी बिघडणार.
पेला नाकाशी धरून डोळे मिटले त्यानं.
"केळ्याचा वास येतोय बाई.
ओलं फडकं सुटलं होतं का?"
दोन दुपारी विसरले होते.
"बाकी?"
"बाकी नीट."
पेला माझ्याकडे सरकवून त्यानं चहाचा कप उचलला.

मी घोट घेतला.
तोंड वाकडं झालं.
तिसऱ्याला झालं नाही.
खरं सांगायचं तर त्यानं म्हटलेलं केळं
मला सापडलंच नाही,
जिभेला अजून सवय कुठे आहे.

गाळलेला चोथा सिद्राम गवळी नेत होता म्हशीला.
आज दूध घालताना म्हणाला,
"ते परत कधी करणार?"
"कोण विचारतंय?"
"म्हैस."
आणि माप भरल्यावर
वर थोडं आणखी ओतलं.