मंगळवार सोडून

श्रीयुत रेडफर्न,
तुमचा तक्ता पोचला.
बोटीनं आला, म्हणून पाकिटाला खारं पाणी लागलंय,
गुरुवारची शाई शुक्रवारात उतरलीय,
बाकी सगळं शाबूत:
ऑगस्टातले नऊ दिवस,
प्रत्येकाला सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन कप्पे,
आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित,
‘निवांत सुट्टी’.

मी तो टेबलावर पसरला,
वाऱ्यासाठी चार कोपऱ्यांवर चार शहाळी ठेवली
आणि नणंदेला, लुसिआनाला, वाचून दाखवला.
ती हसली नाही.
म्हणाली, बिचारा फार दमलेला दिसतो.

तर आता एकेक.
विमान लहान. चढण्याआधी माणसाचंही वजन करतात.
लाजू नका, आमच्या पाद्रीबुवांना
काट्यावर दोनदा उभं केलं होतं.
धावपट्टी रस्त्याला आडवी जाते.
विमान उतरताना फाटक लावतात,
मग सायकली, घोडा, शाळेची पोरं
सगळी थांबून तुमच्याकडे बघतात.
हात हलवायचा. एवढंच स्वागत.

आमचं घड्याळ तुमच्या एक तास पुढे,
तरी उशीर सगळ्यांनाच होतो.
तो तास कुठे जातो, मलाही ठाऊक नाही.

रविवारी तुम्ही पोहणं लिहिलंय.
रविवारी इथे कुणी पोहत नाही,
दुकान उघडत नाही, खिळासुद्धा ठोकत नाही;
कायदाच आहे तसा.
पहाटे खड्ड्यात दगड तापवायचे,
अळूच्या पानांत मटण बांधायचं, वर नारळाचं दूध,
सगळं मातीखाली पुरून चर्चला जायचं
आणि इतकं मोठ्यानं गायचं
की कुत्री उठून किनाऱ्यावर जातात.
परत येऊन उकरायचं, खायचं, आडवं व्हायचं.
त्या दिवसाचे तिन्ही कप्पे मी खोडलेत. माफ करा.

प्रेक्षणीय स्थळं किती, असं विचारलंत.
ओहोटीला डुकरं चिखलात उतरून शिंपले शोधतात,
ते एक.
बायका केवड्याच्या पातींच्या चटया विणतात, ते दुसरं,
पण नुसतं बघत उभं राहिलात
तर पाती सोलायला बसवतील.

बुधवारी दुपारी लिहिलंय: ‘मोकळा वेळ, दोन तास’.
त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून होते.

आणि मंगळवार.
सकाळी नऊ, देवमासा, पिलासह.
येतात देवमासे. पिलंही असतात.
पण नऊचं त्यांना कोण कळवणार?
शिवाय होडी माझ्या नवऱ्याची,
आणि तो जानेवारीपासून तुमच्याच हेस्टिंग्जला आहे.
सफरचंदं उतरवून झाली, आता झाडं छाटतोय,
सहा जण एका खोलीत.
तुम्ही लिहिलंत ना, खिडकीतून बागा दिसतात,
धुक्यात शिडीवर टोप्या घातलेली माणसं.
त्यातली लाल टोपी मी विणलेली.

सोमवारी परत येतोय. विमान तुमचंच,
कदाचित शेजारीच बसेल.
त्यानं तक्ता पाठवला नाही. फोनवर एवढंच म्हणाला,
मंगळवारी मला कुणी उठवू नका.
तेव्हा तुमच्या तक्त्यात मंगळवारी देवमासा आहे,
माझ्या तक्त्यात मंगळवारी सियोसाइया.

बुधवारी, गुरुवारी, म्हणाल तेव्हा होडी.
फवारा दिसेल, किंवा नाही दिसणार.
मंगळवारी तुम्ही व्हरांड्यात बसा,
खुर्चीचा डावा पाय विटेवर आहे, जपून.
आतून घोरणं ऐकू येईल.
हसू नका.
सात महिने मी ते ऐकलेलं नाही.

सामानात वजन उरलं तर
शिलाई मशीनच्या सुया आणा, चौदा नंबरच्या.
छत्री नको.
तक्ता आणलात तरी चालेल,
मागची बाजू कोरी आहे,
धाकटीला चित्रं काढायला होईल.

मेलेआने
लिफुका, टोंगा