मे अठराशे अठरा, रंग अंदाजे

दिवसा मी शाळांचे गणवेश कापतो.
अशोक चौकामागं, पत्र्याच्या शेडमध्ये,
एका थप्पीत ऐंशी थर,
कॉलर, कफ, खिसा, कमरपट्टी.
रात्री साडेदहानंतर सैन्य उभं करतो,
अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचं, शिशाचं.
सगळ्यांत बारीक ब्रश, एक भिंग,
आणि आतून भाग्यलक्ष्मीचा आवाज:
लाइट बंद व्हायचीय का आज?

वॉटर्लू रंगवणारे जगात हजारोंनी असतील.
आमच्या भुईकोटासाठी, पेठेच्या तटासाठी
माझ्या माहितीत दोघंच,
मी आणि माजिद नदाफ.
माजिद शाळेची व्हॅन चालवतो, आणि नेहमी कंपनी घेतो.
म्हणतो, कुणालातरी जिंकावं लागतंयच की.

कंपनीचं काम सोपं.
त्यांनी सगळं लिहून ठेवलंय.
कुठल्या पलटणीचा कफ पिवळा, कुठला हिरवा,
बटणं जोडीनं की एकेकटी,
वाटेत बैल किती मेले तेसुद्धा.
फिकट पिवळा म्हणजे नेमका कुठला
यावर आम्ही दोन महिने भांडलो,
शेवटी माझ्याच शेड-कार्डावर बोट ठेवलं:
एका कॉन्व्हेंटचा, तिसरी ते पाचवी.

तटाच्या आतल्यांचं काय?
मला सापडलं ते एवढंच: ‘लोक’.
आणि दुसरीकडं ‘सुमारे’, पुढं एक आकडा.
सुमारे.
हा शब्द कुठल्या डबीत मिळतो?

मल्लेशम मामा साखर पेठेत सूत रंगवायचे.
भट्टी बंद होऊन वीस वर्षं झाली,
नखांच्या कडा अजून निळ्या.
त्यांच्यापुढं मी दहा शिपाई मांडले, उघडे, राखाडी.
काय शोधलालास, म्हणाले.
मी म्हटलं, गणवेश.
एक शिपाई उचलून उन्हात धरला त्यांनी, कापड धरतात तसा, तिरका.
मग विचारलं: पगार मिळाला होता का ह्यांना?

मला माहीत नव्हतं.

मग कुठला गणवेश, म्हणाले. घरचंच घालून आले असतील.
कुणाचं मंजिष्ठाचं, कुणाचं डाळिंबाच्या सालीचं,
निळीचं असेल तर एखाद्याचं, तेही मोठ्या भावाचं.
आणि महिना कुठला म्हणालास?
मे.
सोलापुरात?
मामा हसले. मे महिन्यात हितं रंग राहतो व्हय कशाला?

त्या रात्री प्रत्येक रंगात मी
थोडी धूळ मिसळली.
कंपनीच्या लालातही.
माजिद दोन दिवस बोलला नाही.

रविवारी कापायच्या टेबलावर लढाई.
जमीन म्हणून करडं शर्टिंग,
गवत टॉवेलच्या मागावरच्या फुलक्याचं, हिरवं रंगवलेलं,
सिद्धेश्वराचं तळं म्हणजे फुटका आरसा,
आणि टेबलाच्या टोकाला, सुटिंगच्या चिंधोटीची सीना.
एक नियम मी नवा घातला:
तुंबलेल्या पगाराचा एक गुण वजा.
माजिद म्हणाला, आपल्याच पायावर कुऱ्हाड?
मी म्हटलं, मामांनी विचारलं होतं.

शिड्या लागल्या. माजिदला तीनदा षटकार.
पेठ पडली, पायदळ तळ्याच्या कडेनं मागं मागं,
मागून घोडेस्वार,
सीनेपर्यंत माझ्याकडं सात उरले, मग चार.
मी काही बदललं नाही.
बदलता आलं असतं, फासा माझ्याच हातात होता.
चहा आला, भाग्यलक्ष्मीनं मेलेले बाजूला सारून
कपाला जागा केली.

सोमवारी आठला टेबल मोकळं लागतं.
सहाशे सेट, मरून-राखाडी, पंधरा जूनच्या आत.
बुधवारी थप्पी उचलताना खाली एक सापडला,
ना मेलेल्यांत मोजलेला, ना पळालेल्यांत,
तोंड नदीकडं.
त्याच्या अंगरख्यावर खडूची रेघ उमटलीय, मी पुसली नाही.
पाय रंगवायचे राहिलेत.
चपला होत्या का,
हे कुठं लिहिलेलं नाही.