बेचाळीस रुपये

रात्रशाळेच्या मंडळांचा खजिनदार मी,
कारण दिवसा पेढीवर पावत्या फाडायचो
आणि सरांना वाटलं, याला सवय आहे.

शाळा गिरगावात. इमारत दिवसवाल्यांची.
साडेसहाला आम्ही शिरायचो तेव्हा
बाकांवर त्यांच्या डब्यांचे तेलकट गोल
आणि फळ्यावर ‘पुसू नये’.
आम्ही पुसत नसू. उरलेल्या कोपऱ्यात शिकायचो.

जूनमध्ये तीन मंडळं निघाली.
वाङ्मय मंडळाची सभा जिन्यात, मधल्या सुट्टीत,
आठ दहा ते आठ पंचवीस; अध्यक्ष वरच्या पायरीवर.
निसर्ग मंडळाच्या वाट्याला काळोखातलाच निसर्ग,
म्हणून तांबे सरांनी गच्चीवर नेऊन
वटवाघळं मोजायला लावली.
जुलै: एकवीस. ऑगस्ट: एकोणीस.
दोन कुठे गेली, यावर गणपतीपर्यंत वाद.
तिसरं मंडळ नाट्य. त्यात सगळेच.

संमेलन फेब्रुवारीत. वही अजून माझ्याकडे आहे.
मुकुट व मिशी, भाडं पस्तीस, अनामत वेगळी.
घुंगरू, ‘सहा जोड’ खोडून चार.
शेवंती गोताडच्या नाचातल्या दोघींना
कारखान्यानं ऐनवेळी ओव्हरटाइमला धरलं.
शेवंती म्हणाली, त्यांच्या जागा भरायच्या नाहीत.
चौघी नाचल्या, मधे दोन जागा मोकळ्या ठेवून.
फेर धरताना हात पुढे केला, कुणी घेतला नाही,
तरी तो तिथेच, तेवढाच वेळ.
गिरकीत कुणाला धक्का लागू नये म्हणून जपून.
मागून एका आईनं विचारलं,
ह्या वाट कुणाला देतायत गं?

मग नाटक. झोप न येणाऱ्या राजाचं.
आम्हीच लिहिलेलं, जिन्यात, सात हस्ताक्षरांत.
राजा महेंद्र शिगवण:
पहाटे साडेतीनला दुधाच्या गाडीवर,
दुपारी खानावळीत वाढपी.
दरबारात यायचा तोही डावा हात
ताट तोलल्यासारखा धरून. तालमीत हे सुटलंच नाही.
दुसऱ्या प्रवेशात प्रधान वैद्याला घेऊन आला,
तोवर सिंहासनावर,
म्हणजे हेडमास्तरांच्या खुर्चीवर, चादर टाकलेल्या,
महाराज झोपलेले.
खरेखुरे. तोंड उघडं. मुकुट कानावर.

प्रधान झालेला पेडणेकर बघत राहिला.
महाराजांना झोप कशी येईल
याचीच त्याची चौदा वाक्यं पुढे होती.
एकही बोलला नाही.
कडेपर्यंत चालत आला आणि कुजबुजला,
“टाळ्या वाजवू नका कुणी.”
दोनशे माणसं,
बहुतेक दिवसभर उभी राहून आलेली.
वाजवल्या नाहीत.
पडदेवाल्यानं दोरी इंचाइंचानं सोडली,
कडी वाजू नये म्हणून.
तिसरा प्रवेश राहिला तो राहिलाच.
त्यात राजा शहाणा होणार होता.

अकराला किल्ल्या परत द्यायच्या होत्या.
टॅक्सी, गिरगाव ते वरळी, रात्रीचा दर, बेचाळीस.
पावती नाही.
महेंद्रला सांगायचं नाही असं ठरलं;
आठवड्याला दोन-दोन करत फेडत बसला असता.
म्हणून मी लिहिलं: फरक.
तांबे सरांनी खाली सही केली.
वर काय लिहिलंय ते वाचलं की नाही, कोण जाणे.

पुढे तीस वर्षं मी लोकांचे हिशेब तपासले.
एका पैशाचा फरक कुणाला सोडला नाही.

मुकुट आम्ही उतरवून घेतला होता. मिशी विसरली.
ती लावूनच तो पहाटे केंद्रावर क्रेट उतरवत होता
आणि बाई म्हणत होती,
नवीन का तू? रोजचा पोरगा कुठाय?
मिशी उशिरा परत केल्याचा दंड, दोन रुपये.
तो मात्र रीतसर लिहिलेला आहे.

मार्चमध्ये परीक्षा.
वटवाघळं: तेवीस.