सुमारे

पळसढवची नऊ कार्डं आहेत माझ्याकडे.
सात जिनिंगची, एक डाकबंगल्याचं,
आणि हे, विहिरीचं.

गावात म्हणतात, बावणे पोस्टमनला
रिटायर झाल्यावर पुन्हा टपाल लागलं.
लागलं तर लागलं.
चौतीस वर्षं दुसऱ्यांची कार्डं वाटली,
कधी एक वाचलं नाही.
(वाचली. उघड्या कार्डाची कसली लाज.)

हे मँचेस्टरहून आलं, रजिस्टरनं,
साडेचारशे रुपये, टपालखर्च वेगळा.
जाताना त्याला एक आणा पडला असेल.
विकणाऱ्यानं कळवलं होतं:
एक बाई हललेली आहे, म्हणून स्वस्तात.

तिकीट कुणा शौकिनानं वाफेवर सोडवून नेलंय.
त्याच्यासोबत राजाचं डोकं गेलं आणि साल गेलं.
शिक्क्याचं उरलंय अर्धं येवतमाळ.
मागे जांभळट शाई:
प्रिय एडिथ, इथं ऊन फार. प्रेसचे सुटे भाग अजून आले नाहीत.
खेडं चित्रात बरं दिसतं. मोहरीची डबी पाठव.

मग मी बसलो भिंग घेऊन, दोन महिने.
पाठीवर मधोमध रेघ, म्हणजे सहा सालाच्या अलीकडचं.
डाव्या कोपऱ्यात धुराडं हवं, तिथं नुसतं आभाळ,
म्हणजे चौदाच्या आधीचं; धुराड्याच्या विटेवर साल कोरलंय.
पारावरचा कडुलिंब कुदळीच्या दांड्याएवढा,
आज दोघांच्या कवेत मावत नाही.
सावल्या मारुतीकडे, माणसाएवढ्याच लांब:
डिसेंबरची भर दुपार.
(डिसेंबरात ऊन फार म्हणतो हा. मे महिन्यात याचं काय झालं असेल?)
रहाटाजवळ दोघी. त्यातल्या एकीचं नाक
थेट आमच्या घरातलं.
तो दिवस माझा फार चांगला गेला.

पेन्सिलीनं लिहिलं: सुमारे १९०९.
खाली छापलेल्या इंग्रजीचं मराठी केलं:
विहिरीवर विसावलेल्या बायका, पल्साडो.

काल पंचफुलाबाई गजभिये आली,
हयातीच्या दाखल्याचा फॉर्म भरून घ्यायला.
मी तिचं वय विचारत होतो, ती कार्ड पाहत होती.
चष्मा नाही, भिंग नाही.
"कोन म्हनते विसावल्या?"
मी छापील ओळ दाखवली.
"थ्या बसल्या नाई बापा. थ्या वाट पाहून रायल्या.
वरून कोनी पानी वाढन, तवा उठतीन."

पाच बाया, विहिरीपासून वीस पावलांवर.
पाचही घागरी आडव्या.
आडव्या घागरीत पाणी नसतं,
हे कळायला भिंग लागत नाही.

"माह्या सासूनं, भागरतानं, याच रहाटाले हात लावला.
लय मार खाल्ला. पन पानी आनलं.
तवा मोठी ननंद रांगे."
नणंद गेली पंच्याण्णव साली, पासष्टीची.
मी बोटांवर मोजलं, नोकरीची सवय.
एकतीस.
धुराडं, कडुलिंब, सावली, रेघ,
यांतलं कुणीच हे साल सांगणार नव्हतं.

"कितीले घेतलं?" तिनं विचारलं.
सांगितलं.
"अगा मायवं," म्हणाली, आणि अंगठा पुढे केला
शाईसाठी.

रात्री खोडरबर घेतला.
विसावलेल्या खोडलं.
साल राहू दिलं, त्याच्याखाली लिहिलं:
भागरताच्या हाताआधी बावीस वर्षं, सुमारे.
नाकाबद्दल काही लिहिलं नाही.
नाकाचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

राहिली ती हललेली बाई, पाचांत कडेची.
तिला दोन तोंडं आली आहेत,
एक जमिनीकडे, एक रहाटाकडे.
फोटोवाल्यानं सांगितलं असणार, हलू नका.
बाकीच्या चौघींनी ऐकलं.
ती उठत होती की बसत होती,
दिवा जवळ घेऊनही ठरत नाही.