वर आल्यावर

दिवसभर मी लोकांना सांगते,
ओठ घट्ट मिटा नळीभोवती,
आता फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका.
मिरजेत, छातीच्या दवाखान्यात,
सतरा वर्षं.
गुऱ्हाळावरची, हळदीच्या गोदामातली,
उद्यापासून बिडी सोडतो म्हणणारी छाती
कागदावर डोंगर काढते,
बहुतेकदा टेकडीच.

रात्री भांडी आवरली की
टेबलावर तीन शाळा मांडते.
एक मालवणची, चार दिवस, मासळीच्या जेवणासकट.
एक अंदमानची, तीस मीटरची हमी,
फोटोतली मुलगी तळाशी उभी
आणि केसांत एक गुंता नाही.
एक मुरुडेश्वरची. चित्रात दोर आणि बोया, बस.
माहिती दोन पानांची, त्यात दीड पान
कुणी येऊ नये त्याची यादी.
नवरा विचारतो, सिलिंडर नाही? मग पैसे कसले घेतात?
म्हटलं, श्वास न घेण्याचे.

लहानपणी सतारमेकर गल्लीतून मामा
तडा गेलेला भोपळा आणायचा,
तंबोऱ्याला न चाललेला.
तो पाठीला बांधायचा आणि
ढवळीच्या विहिरीत द्यायचा ढकलून.
सगळं शिक्षण वर राहण्याचं.
खाली काय आहे हा प्रश्न
कळशी पडली तरच निघायचा,
मग निरोप जायचा हरिपूरला
तुळशीराम आंबींना.

परवा त्यांच्याकडे गेले.
चिंचेखाली खाट, समोर संगम,
एक कान बंद.
तो म्हणे एका घंगाळानं घेतला, चाळीस हातांवर.
मी कोर्स समजावला, पहिली पातळी, दुसरी पातळी,
कानातला दाब कसा सोडतात,
शेवटी प्रमाणपत्र.
प्रमाणपत्राला त्यांनी मान डोलावली,
बरं हाय, भिंतीला लावता येतंय.
मग दुसऱ्या कानाशी हात नेऊन म्हणाले,
"खाली जायाचं सोपं गं. दगूड बी जातोय.
वर आल्यावर बघाया कोन?"

मी गप्प.

"बुडनारं मानूस दर येळी खालीच बुडत न्हाई.
वर येतंय, हासतंय, हात करतंय,
आन् मग जातंय.
काठावरची म्हनत्यात, आत्ता तर हुता.
थोरला भाऊ माझा, असाच.
मी बिडी पेटवत हुतो."

एवढंच. नंतर त्यांनी
माझ्या मुलाच्या बारावीचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तीन फोन केले.
तोच प्रश्न, जरा शहरी करून.
मालवणचा म्हणाला, ताई,
आमच्याकडे आजवर काही झालेलं नाही.
अंदमानची विम्याबद्दल बोलली, गोड बोलली,
सवलत शुक्रवारपर्यंत.
तिसरीकडे जरा वेळ कुणी बोलेना,
मागे कुणीतरी बादली सरकवली.
मग एक बाई, तुटक हिंदीत,
पहिले दोन दिवस तुम्ही खोल जाणार नाही.
आधी दुसऱ्याला वर आणायला शिकाल.
तो वर आला की तीस आकडे मोजायचे,
त्याच्या तोंडाकडे बघत.
बरा आहे म्हणेल. ते ऐकायचं नाही.
ओठ बघायचे.

ओठ.
नळीभोवती घट्ट आहेत ना,
एवढंच पाहिलं मी सतरा वर्षं.
रंग नाही.

पैसे भरले. अर्धे आता, उरलेले तिकडे.
रजेच्या अर्जात कारणाला एकच रेघ.
'घरगुती' लिहिलं, खोडलं.
'श्वासासंबंधी' लिहिलं.
डॉक्टरीणबाई वाचतील आणि मलाच नळी लावतील.

संध्याकाळचे शेवटचे, आप्पासाब मगदूम, नांद्रे.
फुंकून झालं, कागद निघाला,
ते टोपी घेऊन उठायला लागले.
म्हटलं, बसा जरा.
आणि बघत राहिले,
एक, दोन,
ते ओशाळले, शर्टाचं बटण चाचपू लागले,
काय चुकलं का बाई,
काही नाही, बसा,
नऊ, दहा