सातवा खंड सगळ्यात बरा

पायसांदूच्या इस्पितळात पहाटे पाचची पाळी आमची.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
चार खुर्च्या, चार यंत्रं,
आणि चार तास आपलंच रक्त
नळीतून बाहेर जाऊन घरी परत येताना बघायचं.
माते प्यायला बंदी. पाणी दिवसाकाठी मोजून दोन पेले.
तोंडाला मग दुसरं काहीतरी लावून घ्यावं लागतं.

इल्दानं पुस्तकं लावून घेतली.
जन्म गेला शिवणकामात;
पुस्तकसुद्धा ती आधी उलटं करून टाके तपासते.
"पहिली चाळीस पानं सोड," म्हणते,
"तिथं लेखकालाच अजून गोष्ट सापडलेली नाही.
मधे एक लग्न आहे, ते सावकाश वाच,
आणि नवरीच्या भावावर विश्वास ठेवू नकोस."
अशी तिची शिफारस. निम्मी नालस्ती,
आणि बोलता बोलता पुस्तक तुमच्या मांडीवर.
नको म्हणून परत सारायला
हात मोकळा नसतो.

वॉशिंग्टनला वाचायचा कंटाळा.
त्याच्याकडे बेडूक आहेत.
भाच्यानं नदीकाठी रात्रभर बसून टिपलेले.
एक वायर, दोन बोंडं:
एक त्याच्या कानात, एक माझ्या.
"अकराव्या मिनिटाला नीट ऐक."
अकराव्या मिनिटाला बेडूक गप्प होतात.
सगळे. एकदम.
पल्याड, आर्जेन्तिनात, एक कुत्रं भुंकतं.
मग एकच बेडूक, चाचपडत, पुन्हा.
"हे," वॉशिंग्टन म्हणतो.
एवढंच. पुढं काही सांगत नाही.

मी काय सुचवणार?
तीस वर्षं बसस्थानकाच्या तिकीटखिडकीत बसले,
कुठं जायचं ते लोकांना आधीच ठाऊक असायचं.
तरी एकदा धीर करून एक सिनेमा सांगितला:
एक बाई जुनं कपाट विकायला
हातगाडीवरून गावभर फिरवते
आणि विकत नाही.
"मग?"
"मग काही नाही. कपाटाच्या आरशात गाव दिसत राहतं."
सांगून झालं आणि वाटलं,
माझ्याच घराचं दार उघडं राहिलंय.
दोन दिवस मी तो विषय काढला नाही.
शनिवारी इल्दा म्हणाली,
"पाहिला. रडले.
कपाट फार कुरूप आहे."

तिसऱ्या खुर्चीत ओमेरो. अठ्ठ्याहत्तर.
मार्चपासून तो बोलणं आवरतं घेत होता,
दुकानदार संध्याकाळी एकेक फळी लावतो तसं.
विचारलं तर "बरं आहे." पुढं पुढं तेही मानेनं.
त्याला इल्दा म्हणाली, गुरुवारी, सगळ्यांसमोर:
"एक कादंबरी आहे. सात खंडांची."

योहाना सिस्टरचा हात पट्टीवर थांबला.
वॉशिंग्टननं कानातलं बोंड काढलं.
यंत्रं तेवढी चालू होती.
आम्ही इथं वर्तमानपत्राची वर्गणीही
महिन्याच्या महिन्याला भरतो,
आणि ही बाई सात खंड म्हणते,
तेही कुणाला?
मला तिचा राग आला. खरंच आला.

"सात?" ओमेरो.
"सात. पहिले दोन रटाळ आहेत.
सातवा सगळ्यात बरा."

छताकडे बघत राहिला तो कितीतरी वेळ.
छतावर ओल आलीय, तिचा आकार
आम्हा चौघांनाही पाठ आहे.
मग घसा खाकरून म्हणाला,
"अक्षर केवढं आहे?"

आता दुसरा खंड चाललाय त्याचा.
"रटाळ आहे," रोज तक्रार.
"सांगितलं नव्हतं?" इल्दा वर न बघता.
तिसरा तिनं अजून आणलेला नाही,
तिच्या कपाटात आहे म्हणते,
संपव आधी, मग बघू.

पहिला माझ्याकडे आलाय.
तेविसाव्या पानाच्या कडेला
पेन्सिलीनं, थरथरत, डाव्या हातानं लिहिलंय:
इथं कंटाळा येईल.
मलाही आला.